मोटारींचा परकायाप्रवेश

आद्य शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या निष्प्राण देहात प्रवेश केल्याची कथा आपणांपैकी बहुतेकांनी बालपणी ऐकली असेल. देह राजाचा, चैतन्य संन्याशाचे; आणि राजवाड्यातील माणसांस मात्र इतकेच जाणवले की, आपले महाराज पूर्वीपेक्षा फारच शहाणे झाले आहेत. आज मी जी हकीकत सांगणार आहे, तीही एका परकायाप्रवेशाचीच आहे. येथे देह आहे मोटारीचा, आणि चैतन्य म्हणजे तिचे इंजिन.

बिद्रीसारख्या ऊसकरी मुलखात राहणाऱ्या माणसास ही कल्पना मुळीच नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जन्मास आलेली जीपगाडी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईस महिंद्र कंपनीच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. तिचे मूळचे इंजिन पेट्रोलवर चालणारे. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले, तेव्हा खेड्यापाड्यांतील किती तरी मालकांनी ते इंजिन उतरवून तेथे डिझेलचे इंजिन बसविले. खुद्द कंपनीनेही १९७९ मध्ये फ्रान्समधील प्युजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, आणि ती इंजिने नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे तयार होऊ लागली. सांगाडा अमेरिकन, काळीज फ्रेंच आणि सांधणारे हात मराठी, असा तो त्रिवेणीसंगम होता. ही अदलाबदल आपण केली ती काटकसरीसाठी. वेगाच्या हव्यासाने हाच प्रयोग जेथे पन्नास-साठ वर्षे सातत्याने चालला, तो देश म्हणजे इंग्लंड.

इंग्रज लोक ज्यांस स्पोर्ट्स मोटार म्हणतात, त्या दोन आसनांच्या, बुटक्या, बहुधा उघड्या टपाच्या गाड्या आपण चित्रपटांत पाहिल्या असतील. एम्. जी., ए. सी., सनबीम, मॉर्गन ही त्यांतील नामांकित घराणी. अंग हलके, स्टिअरिंग चपळ आणि वळणावर रस्ता न सोडण्याचा गुण, यांत त्यांचा हात धरणारे जगात थोडे होते. असे असून त्यांतील पुष्कळ नावाजलेल्या गाड्यांचे झाकण उघडले, तर आत अमेरिकन इंजिन दिसते. ज्या देशाने जगास वाफेच्या यंत्राचा उपयोग शिकविला, त्यास आपल्या मोटारीचे काळीज समुद्रापलीकडून का आणावे लागले? शौकिनांचा छंद, असे याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. जन्मभर मुलांस इतिहास शिकविला. परंतु ते उत्तर मला अपुरे वाटते. या प्रकरणाचे मूळ कारखान्यात नसून ब्रिटिश सरकारच्या खजिन्यात आहे, असे माझे मत आहे.

१९२१ च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये मोटारींवर नवा कर लागू झाला. दर अश्वशक्तीस वर्षाला एक पौंड. परंतु अश्वशक्ती मोजावयाची कशी? इंजिन खरोखर किती जोर लावते हे तपासण्याची खटपट कोण करणार? म्हणून एक सोपे सूत्र ठरले: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, सिलिंडरांच्या संख्येने गुणावे आणि अडीचने भागावे. जुनी खोड म्हणून उदाहरण मांडून दाखवितो. अमेरिकेच्या सुप्रसिद्ध फोर्ड 'टी' गाडीच्या सिलिंडरचा व्यास पावणेचार इंच आणि सिलिंडर चार. उत्तर येते साडेबावीस, म्हणजे वर्षाचा कर २३ पौंड. उलट ऑस्टिन कंपनीच्या चिमुकल्या 'सेव्हन' गाडीचा व्यास सुमारे सव्वादोन इंच. तिचा कर अवघा ८ पौंड. आता या सूत्रात एक वस्तू मुळीच मोजलेली नाही, ती म्हणजे सिलिंडरमध्ये दट्ट्या किती लांब धावतो ती धाव. चाणाक्ष कारखानदारांनी ती पळवाट तत्काळ हेरली. ते अरुंद सिलिंडर आणि लांब धावेचा दट्ट्या अशी इंजिने काढू लागले. अशा इंजिनाचा दट्ट्या दर फेऱ्यास लांब पल्ला मारतो, म्हणून ते फार वेगाने फिरविता येत नाही. आणि सिलिंडर अरुंद म्हणून त्यात मोठ्या झडपा मावत नाहीत, हवा पुरेशी आत जात नाही. जोराच्या दृष्टीने दोन्हीकडून तोटा, कराच्या दृष्टीने मात्र नफा.

हा कर १९४८ पासून बदलला आणि नव्या गाड्यांवर सरसकट १० पौंड आकारणी सुरू झाली. परंतु पाव शतकाची सवय एका अंदाजपत्रकाने जात नाही. इंजिनांचे साचे, यंत्रे, कारागिरांची दृष्टी, सर्व काही लहान इंजिनास जुळलेले होते. अमेरिकेची स्थिती नेमकी उलट. तेथे तेल मुबलक, रस्ते सरळ आणि अंतरे लांब. म्हणून आठ सिलिंडरांची, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराने मांडलेली मोठी इंजिने तेथे घरोघर पोहोचली. फोर्डने १९३२ मध्ये असे 'व्ही-आठ' इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत घातले. एका देशाजवळ उत्तम देह आणि दुसऱ्याजवळ उत्तम प्राण. दोघांची गाठ केव्हा तरी पडणारच होती.

ती पडण्यापूर्वी एक अघोरी प्रयोग होऊन गेला, तो वगळणे मला जिवावर येते. पहिले महायुद्ध संपले तेव्हा विमानांची प्रचंड इंजिने मातीमोलाने मिळू लागली. इंग्लंडात कँटरबरीजवळ राहणारा काउंट लुई झ्बोरोव्स्की नामक एक तरुण धनिक होता. त्याने १९२१ मध्ये मर्सिडीज गाडीचा जुना सांगाडा घेतला आणि त्यावर जर्मनीच्या मेबॅक कारखान्याचे सहा सिलिंडरांचे, २३ लिटरांचे विमानी इंजिन चढविले. आजच्या साध्या घरगुती मोटारीचे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते, त्यावरून ताडून पाहावे. या गाडीचे नाव 'चिटी बँग बँग'. ब्रुकलँड्सच्या शर्यतपथावर ती ताशी शंभर मैलांवर धावली. जेम्स बाँडचे जनक इयन फ्लेमिंग यांनी पुढे मुलांच्या गोष्टीतील उडत्या मोटारीस नाव दिले ते हिच्यावरूनच. मेबॅक हे नाव कोल्हापूरकरांस परके नाही. छत्रपतींच्या घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक मोटार शाही दसऱ्यास पाहण्याकरिता दसरा चौकात माणसांची झुंबड उडत असे. तीच ही जर्मन पेढी, आणि तिची कीर्ती प्रथम झाली ती झेपेलिन वायुनौकांच्या इंजिनांमुळे.

झ्बोरोव्स्की १९२४ मध्ये इटलीतील मोंझा येथे शर्यतीत मरण पावला. अमेरिकन लिबर्टी विमान-इंजिन बसविलेली त्याची २७ लिटरांची एक गाडी पॅरी टॉमस या वेल्समधील इंजिनियराने विकत घेतली, तिला 'बॅब्स' हे लाडके नाव दिले आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये वेल्सच्या पेंडाइन वाळवंटी किनाऱ्यावर ताशी १७१ मैलांचा जागतिक विक्रम केला. पुढल्या वर्षी ३ मार्च रोजी तो विक्रम परत मिळविण्याच्या प्रयत्नात त्याच किनाऱ्यावर त्यास मृत्यू आला. गाडी तेथेच वाळूत पुरण्यात आली. ती १९६९ मध्ये उकरून काढली गेली आणि दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाली. अशा गाड्यांस प्रवासाचे वाहन म्हणणे म्हणजे तोफेस काठी म्हणण्यासारखे आहे. शर्यतीच्या बैलांची जोडी आणून घरच्या जुन्या छकड्यास जुंपली, तर बैलांचा दोष नसतो. मोडते ते जू किंवा आस. हा पाठ सर्वांस मिळाला, परंतु तो गिरविला फार थोड्यांनी.

विवेकाने गिरविणारा पहिला मोठा मनुष्य म्हणजे सिडनी ॲलार्ड. लंडनच्या या मोटारव्यापाऱ्याने १९३६ मध्ये फोर्डच्या व्ही-आठ इंजिनावर आपली पहिली गाडी जोडली आणि युद्ध संपताच स्वतःच्या नावाचा कारखाना काढला. तो काळ इंग्लंडच्या ओढगस्तीचा होता. डॉलरची चणचण अशी की, अमेरिकन इंजिने आयात करणे जवळजवळ अशक्य. ॲलार्डने यावर तोड काढली ती मोठी मजेची. अमेरिकेस जाणाऱ्या गाड्या त्याने इंजिनाविनाच बोटीवर चढविल्या. ज्याने त्याने आपल्या गावी पसंतीचे कॅडिलॅक वा अन्य इंजिन बसवून घ्यावे. निष्प्राण देह अटलांटिक ओलांडून जाई आणि पैलतीरी त्यात प्राण फुंकला जाई! १९५० च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत कॅडिलॅक इंजिनाची ॲलार्ड, गिअर निकामी होऊन बराच काळ एकाच गिअरवर चालवावी लागली असतानाही, तिसरी आली; चालवणारे होते स्वतः ॲलार्ड आणि टॉम कोल. १९५२ मध्ये ॲलार्डने आपल्याच नावाच्या गाडीतून मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. परंतु १९५० चे दशक संपण्यापूर्वीच हा कारखाना मंदावला आणि मिटला. मोठ्या कारखान्यांच्या तयार स्पोर्ट्स मोटारी स्वस्तात मिळू लागल्या होत्या.

आता या हकीकतीतील सर्वांत गाजलेले पात्र. लंडननजीक टेम्स डिटन येथे ए. सी. नावाचा लहानसा, जुन्या वळणाचा कारखाना होता. त्याचे इंजिन १९१९ च्या सुमारास आखलेले, आणि तेच तो १९६० नंतरही बनवीत होता. या चिकाटीस हसावे की वंदन करावे हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. १९५३ मध्ये त्याने 'एस' ही देखणी दोन आसनी गाडी काढली. सांगाडा दोन जाड नळ्यांचा, आणि चारही चाके पाट्यांवर स्वतंत्रपणे तोललेली. जुने इंजिन अपुरे पडू लागले म्हणून पुढे ब्रिस्टल कंपनीचे इंजिन घेतले. गंमत अशी की, हे ब्रिस्टलचे इंजिनही मूळचे इंग्रजी नव्हते. युद्धात हरलेल्या जर्मनीतून बी. एम्. डब्ल्यू. कंपनीचे आराखडे इंग्लंडात आणले गेले, त्यांवरून ते तयार झाले होते. १९६१ मध्ये ब्रिस्टलने ते इंजिन देणे थांबविण्याचे ठरविले आणि ए. सी. पुढे प्रश्न उभा राहिला.

नेमक्या त्याच वेळी अमेरिकेतील टेक्सासचा कॅरॉल शेल्बी याचे पत्र आले. हा पूर्वाश्रमीचा कोंबड्या पाळणारा. पुढे शर्यतीचा चालक झाला आणि १९५९ ची ल मां शर्यत त्याने ॲस्टन मार्टिन गाडीतून जिंकली. हृदयविकारामुळे १९६० मध्ये त्यास शर्यती सोडाव्या लागल्या. कॅडिलॅक इंजिनाची ॲलार्ड त्याने स्वतः चालविली होती, तेव्हा इंग्रजी देह आणि अमेरिकन प्राण यांच्या मिलाफाची चव त्यास ठाऊक होती. त्याने प्रथम शेव्हरोलेकडे इंजिन मागितले. आपल्याच कॉर्व्हेट गाडीस प्रतिस्पर्धी कोण निर्माण करणार, म्हणून त्यांनी नकार दिला. फोर्डने मात्र नवे, पातळ भिंतींच्या ओतकामाचे आणि म्हणून आकाराच्या मानाने हलके असे सव्वाचार लिटरचे व्ही-आठ इंजिन देऊ केले. ओतकाम ही वस्तू कोल्हापूरच्या माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. ओताची भिंत पातळ ठेवावी तर साचा हलतो, गाभा सरकतो आणि भोके पडतात. फोर्डने ही कला साधली होती, म्हणूनच हलक्या इंग्रजी गाडीच्या नाकावर ते इंजिन पेलले. १९६२ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसजवळ ते इंजिन त्या देहात बसले आणि 'कोब्रा' जन्मास आली.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण खरी परीक्षा याच ठिकाणी असते. ब्रिस्टलचे इंजिन सव्वाशेच्या आसपास अश्वशक्ती देई. फोर्डचे अडीचशेच्या पुढे गेले. दुप्पट जोर मागील चाकांपर्यंत नेणारे डिफरन्शियल जुनेच ठेवले तर त्याचे दात उडतील. म्हणून जाग्वार गाडीत वापरीत तशा दणकट बनावटीचे बसविले. सुकाणूची पेटी इंजिनाच्या आड येई, ती हलविली; पुढे ती पद्धतच बदलून दांडा आणि दातेरी चाक अशी नवी योजना केली. १९६५ मध्ये सात लिटरचे इंजिन घालावयाचे ठरले, तेव्हा सांगाडाच नव्याने आखला: तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची, पाट्यांच्या जागी वेटोळ्या स्प्रिंगा. म्हणजे शेवटी इंजिनासाठी गाडी बदलली, गाडीसाठी इंजिन नव्हे. त्याच वर्षी शेल्बीच्या बंदिस्त टपाच्या कोब्रांनी मोठ्या जी. टी. मोटारींचे जागतिक अजिंक्यपद फेरारीच्या हातून हिसकावून घेतले. कोब्रा एकंदर हजाराच्या आसपासच निघाल्या. शेल्बी २०१२ पर्यंत जगला; त्याचे स्वतःचे दुबळे हृदय काढून १९९० मध्ये दुसऱ्या मनुष्याचे हृदय बसविण्यात आले होते, ही गोष्ट मी केवळ योगायोग म्हणून सांगतो.

कोब्राचे यश पाहून सनबीम मोटारीच्या मालकांकडील, म्हणजे रूट्स कंपनीकडील, अमेरिकेतील एक अधिकारी इयन गॅरड यास वाटले की, आपल्या 'अल्पाइन' गाडीचेही असे भाग्य उजळावे. अल्पाइन दिसावयास गोजिरी, परंतु धावण्यात मवाळ. तिच्या पोटात कोणते इंजिन मावेल? गॅरडने आपल्या हाताखालील माणसास निरनिराळ्या मोटारविक्यांच्या दुकानांत पाठविले. त्याच्या हातात उपकरण कोणते, तर लाकडाची साधी गजपट्टी! त्या गजपट्टीने सांगितले की, फोर्डचे तेच व्ही-आठ इंजिन, आणि तेही जेमतेम, बसेल. शेल्बीने एक नमुना तयार करण्याचे १०,००० डॉलर सांगितले. केन माइल्स या शर्यतपटूने दुसरा नमुना अवघ्या ८०० डॉलरांत उभा केला. इंग्लंडातील वरिष्ठांस ही खटपट उशिरा कळली. लॉर्ड रूट्स प्रथम रागावले. नंतर गाडी स्वतः चालवून पाहिली आणि राग मावळला. १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 'टायगर' प्रकट झाली.

ती इतकी दाटीवाटीची होती की, गाड्या जोडणाऱ्या जेन्सन कारखान्यात रंग दिलेल्या पत्र्यावर कारागीर घण मारून इंजिनासाठी जागा करीत. एक प्लग तर असा अडचणीत बसला होता की, तो बदलण्यासाठी चालकाच्या बाजूने, पत्र्यातील एका भोकातून हात घालावा लागे. तरीही सुमारे सात हजार टायगर विकल्या गेल्या. मग घात कशाने झाला? अपघाताने नव्हे, दोषाने नव्हे, मालकीने. रूट्स कंपनी हळूहळू अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या कह्यात गेली. फोर्डचे इंजिन घातलेली गाडी क्रायस्लरने कशी विकावी? त्यांच्याजवळ व्ही-आठ इंजिन होते, पण त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागील बाजूस, आणि फोर्डचा पुढील बाजूस. त्यामुळे ते त्या जागेत बसेना. १९६७ मध्ये टायगरचा शेवट झाला. उसन्या प्राणावर जगणाऱ्या देहाचे आयुष्य प्राण देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हे इतके उघडपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

या दुबळेपणावर उपाय काढला तो रोव्हर कंपनीने, आणि तो राजकारणी मनुष्यास शोभेल असा होता: इंजिन उसने न आणता त्याची सर्व मालकीच विकत घेणे. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने ब्युइक गाडीसाठी साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे आणि चक्क ॲल्युमिनियमचे इंजिन काढले होते. वजन अवघे १४४ किलोच्या आसपास. परंतु त्याचे ओतकाम जमेना. पुष्कळ नग रद्द करावे लागत, थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटा गंजून तुंबत. तीन वर्षांत, १९६३ मध्ये, कंपनीने ते टाकून दिले. रोव्हरचे व्यवस्थापक विल्यम मार्टिन-हर्स्ट हे विस्कॉन्सिन प्रांतात मच्छीमार बोटींसाठी आपली इंजिने विकण्याच्या उद्देशाने गेले होते. तेथील एका बोट-इंजिनांच्या कारखान्यात ते टाकाऊ ठरलेले यंत्र त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी मोजमाप घेतले, बोलणी लावली, आणि १९६५ च्या जानेवारीत करार झाला. ज्याने ते इंजिन आखले त्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या ब्युइकच्या इंजिनियरासही इंग्लंडात बोलावून घेतले. निवृत्त माणसांचा असा उपयोग कोणी करून घेतला की मला विशेष आनंद होतो.

हे परित्यक्त बालक इंग्लंडात चाळीस वर्षे नांदले. १९६८ मध्ये मॉर्गन कंपनीने ते आपल्या गाडीत घातले. मॉर्गनच्या गाडीचा वरचा साचा ॲशच्या लाकडाचा, हातांनी जोडलेला. हे अवजड शहाणपणाचे काम करणाऱ्यांनी त्या इंजिनासाठी सांगाडा फक्त दोन इंच लांबविला आणि 'प्लस एट' गाडी २००४ पर्यंत विकली.

एम्. जी. ची कथा मात्र हळहळ लावणारी आहे. १९६२ ची 'एम्. जी. बी.' गाडी लाखांनी खपली, परंतु तिचे १८०० सीसीचे चार सिलिंडरी इंजिन तिच्या अंगास कमी पडे. १९६७ मध्ये कारखान्याने त्याच देहात तीन लिटरचे सहा सिलिंडरी बिडाचे इंजिन घालून 'एम्. जी. सी.' काढली. जोर वाढला, पण नाकावर सुमारे दोनशे पौंड अधिक ओझे आले. पुढील झाकणास उंचवटा द्यावा लागला, आणि वळणावर गाडी नाक सरळ धरून चालू लागली. राजे चार्ल्स यांनी युवराज असताना ही गाडी वापरली होती. परंतु राजाश्रयानेही ती तरली नाही, दोनच वर्षांत बंद झाली. नंतर केन कॉस्टेलो नावाच्या शर्यतपटूने १९७० च्या सुमारास स्वतःच्या छोट्या गॅरेजात एम्. जी. बी. मध्ये रोव्हरचे तेच ॲल्युमिनियमचे व्ही-आठ इंजिन बसविले. आठ सिलिंडरांचे हे इंजिन मूळच्या चार सिलिंडरी बिडाच्या इंजिनाहून जड नव्हते! वळणाचा गुण कायम राहिला आणि जोर वाढला. मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने त्याची गाडी मागवून पाहिली आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये आपली स्वतःची व्ही-आठ एम्. जी. बाजारात आणली. दोनच महिन्यांत अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. एम्. जी. चे खरे गिऱ्हाईक अमेरिका. तेथे पाठविण्याच्या हेतूने डाव्या सुकाणूच्या अवघ्या सात गाड्या बनल्या आणि विचार सोडून दिला गेला. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या झाल्या, आणि १९८० मध्ये ॲबिंग्डनचा तो कारखानाच बंद पडला. इंजिन घरचे, गाडी घरची, कारागीर घरचे. आणि तरीही वेळ साधली नाही. काही वर्षे आधी हे झाले असते, तर एम्. जी. सी. चा खटाटोप करावाच लागला नसता.

आपल्या देशाने या शास्त्रात एक नवाच अध्याय लिहिला, तो म्हणजे उलट्या परकायाप्रवेशाचा. परदेशी गाडीचे जुने साचे विकत घ्यावयाचे आणि आत परवडेल ते इंजिन घालावयाचे. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या पेढीने, १९८५ मध्ये '११८ एन. ई.' गाडी काढली: देह इटलीच्या फियाटचा, तोही स्पेनमधून आलेला, आणि इंजिन जपानच्या निसानचे, बाराशे सीसीच्या आतले. ही जोडी बऱ्यापैकी जमली. बंगालमधील ॲम्बॅसडरला, जिचा देह १९५० च्या दशकातील इंग्रजी मॉरिसचा, पुढे जपानच्या इसुझुचे इंजिन मिळाले आणि ती म्हातारी काही काळ तरुणीसारखी धावली. आज मात्र घरच्या गाडीत असे इंजिन बदलू म्हणणाऱ्याने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आधी पाहावे. नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीवाचून गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही.

परंतु मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्येच जे केले त्यास तोड नाही. तिने रोव्हरच्या 'एस. डी. वन' या ऐटबाज मोटारीचा देह आणला. हा देह इंग्लंडात आखला गेला होता तो प्रामुख्याने त्याच साडेतीन लिटरच्या ॲल्युमिनियम व्ही-आठ इंजिनासाठी, ज्याची कुळकथा आपण आता ऐकली. मद्रासेस त्याच्या लांबरुंद झाकणाखाली बसविले ते जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातील दोन लिटरचे चार सिलिंडरी इंजिन. हा वंश आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे, कारण त्याच घराण्याचे इंजिन फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरातही असे. जोर ८३ अश्वशक्ती, आणि किंमत त्या काळी देशातील इतर गाड्यांच्या मानाने फारच चढी. श्रीमंत गिऱ्हाइकाने झाकण उघडले, तेव्हा त्या ऐसपैस जागेत मधोमध ते लहानसे यंत्र बसलेले त्यास दिसले, आणि भोवती मोकळी जागा. तीनेक वर्षांत 'स्टँडर्ड २०००' चे उत्पादन थांबले.